सुर्ल्याची पाटी, तीन राज्यांचे गिऱ्हाईक

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शाळा, न्यायालय आणि सरकारी कचेरी येते. दुकानाची पाटी त्यानंतर येते. समाजमाध्यमावरील पान तर बहुधा येतच नाही. वास्तविक सीमाभागातील अनेक लहान व्यावसायिकांचे दुकान आज त्या पानावरच उघडते. म्हणून या लेखात आम्ही जाहिरातीच्या भाषेचा विचार करीत आहोत आणि त्यासाठी गोव्यातील सुर्ला हे गाव समोर ठेवीत आहोत.

सुर्ला हे डिचोली तालुक्याच्या खाणक्षेत्रातले गाव. 2012 साली गोव्यातील खाणी थांबल्या; पुढे त्या सुरू झाल्या, पण 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण-लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि 15 मार्चनंतर उत्खनन पुन्हा बंद पडले. ट्रक, बार्ज, गॅरेज, खाणावळ असे सारे व्यवहार या एकाच धंद्याला बांधलेले होते. त्याच वर्षी जानेवारीत व्हॉट्सॲप बिझनेस हे लहान व्यापाऱ्यांसाठीचे ॲप आले होते. फेसबुकवर व्यवसायाची पाने 2007 पासूनच होती. ज्या घराला दुसरी मिळकत शोधायची आहे, त्याला गाळ्याचे भाडे न भरता काजूगर, फणसाचे पापड, कोकमाचे आगळ मांडण्याची ही सोय आहे. तेव्हा येथे भाषेचा प्रश्न हा अभिमानापुरता नसून चुलीचाही आहे.

फेसबुकवर पैसे भरून जाहिरात देताना एक ठिकाण निवडून त्याभोवती 80 किलोमीटर त्रिज्येपर्यंतचे वर्तुळ आखता येते. सुर्ला मध्यबिंदू धरला, तर त्या वर्तुळात डिचोली आणि पेडणे येतात, तसेच महाराष्ट्रातील दोडामार्ग, सावंतवाडी आणि कर्नाटकातील खानापूर, बेळगावही येते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने ओढलेली रेघ या वर्तुळाला ठाऊक नाही. तीन राज्यांतील या मुलखाला जोडणारी एक समाईक वाचनाची भाषा मराठी आहे. असे असता जाहिरात मात्र 'होममेड ऑरगॅनिक कोकम, डीएम फॉर प्राइस' अशी, तीही रोमन अक्षरांत झळकते. खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेल्या गृहिणीला या ओळीतून ना जिन्नस कळतो, ना भाव.

गावांच्या नावांची गोष्ट याहून नाजूक आहे. डिचोली, साखळी, पेडणे ही नावे सीमेपलीकडील मराठी माणूस सहज ओळखतो. पण पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनात ती बिचोलिम, सांकेलिम, पेर्नेम होतात आणि अनोळखी बनतात. त्यातच गोव्यात सुर्ला एक नाही. दुसरे सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या बाजूला आहे. नुसते 'सुर्ला' लिहिले, तर बेळगावहून येणारे गिऱ्हाईक घाटातल्या सुर्ल्याकडे वळेल. 'सुर्ला, तालुका डिचोली' एवढे देवनागरीत लिहिण्यास एक पैसाही पडत नाही.

जिनसांच्या नावांचेही तसेच. ज्या फळाला गोव्यात भिरंड म्हणतात, ते कोकणात रातांबा. त्याची वाळवलेली साल इकडे सोलां, तर घाटावर आमसूल. जाहिरातीत एकच शब्द ठेवला, तर दुसऱ्या शब्दाने शोधणाऱ्याला ती सापडेलच असे नाही. तिन्ही शब्द एका वाक्यात गुंफले, तर तिन्ही मुलखांचे गिऱ्हाईक ओळखीने थांबते. यात कोकणीशी स्पर्धा नाही. 1987 च्या कायद्याने गोव्याची राजभाषा कोकणी झाली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. भिरंडेला दोन्ही भाषांत जागा आहे.

आणखी एक बाब. जाहिरातदाराला प्रेक्षकांची भाषाही निवडता येते. परंतु वापरणारा आपले खाते कोणत्या भाषेत चालवतो, याचा त्या निवडीशी जवळचा संबंध असतो. घरात मराठी बोलणारा, पण खाते इंग्रजीत ठेवणारा माणूस तेथे मराठी म्हणून दिसेलच याचा भरवसा नसतो. जनगणनेत मातृभाषा नोंदवताना आपण जो आग्रह धरतो, तोच भ्रमणध्वनीच्या सेटिंगमध्ये का धरू नये?

कर्नाटकात 2024 च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचे केले. सीमाभागातील मराठी दुकानदाराला त्याची झळ लागते आणि आम्ही त्याविरुद्ध बोलत आलो आहोत, पुढेही बोलू. परंतु समाजमाध्यमावरील पाटीला हे टक्के कोणी लावलेले नाहीत. तेथे किती मराठी असावी हे सर्वस्वी दुकानदाराच्या हाती आहे. सक्ती असलेल्या भिंतीवर मराठीसाठी भांडायचे आणि मोकळ्या भिंतीवर ती लिहायचीच नाही, ही विसंगती चळवळीला परवडणारी नाही.

आमचे सांगणे मोठे नाही. पानाचे नाव देवनागरीत, हवे तर शेजारी रोमन. गाव आणि तालुका पुरता लिहिलेला. जिनसाची स्थानिक नावे. वजन आणि किंमत उघड. कुरियरचा खर्च वेगळा सांगितलेला. कोणी कन्नड वा कोकणीत विचारले, तर त्याच भाषेत आदराने उत्तर. आणि दोडामार्ग, बेळगावच्या वाचकांनी असे पान दिसताच मागणीही मराठीतच नोंदवावी. विकणाऱ्याला मराठीतून पैसे मिळाले, की पुढची जाहिरात मराठीत लिहा असे त्याला सांगावे लागणार नाही.