कोयनेच्या पाण्यावर एक दिवस

नाताळची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांतून समुद्रसफरीच्या जाहिराती दिसू लागतात. मोठे जहाज, गच्चीवर पोहण्याचा हौद, रात्री गाणे-बजावणे. ज्याला परवडते त्याने जरूर जावे, हौसेला मोल नसते. पण सांगली-साताऱ्याकडच्या नोकरदार किंवा निवृत्त कुटुंबाला बेताच्या खर्चात पाण्यावरची सफर करायची असेल तर ती आपल्या दाराशीच आहे. कोयना धरणाच्या पाठीमागे पन्नासएक किलोमीटर पसरलेला शिवसागर जलाशय आणि त्याच्या काठावरचे जावळी तालुक्यातले बामणोली गाव. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे नवरा-बायको तिथे जाऊन आलो. वाचकांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून हे लिहीत आहे. आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

सांगलीहून आदल्या दिवशी कोयना एक्सप्रेसने निघालो. कराड मागे पडले की मसूर स्टेशन लागते. बाबासाहेबांच्या आठवणी वाचलेल्या माणसाला हे स्टेशन सहज ओलांडून जाता येत नाही. 1901 साली लहानगा भीमराव आपल्या भावंडांबरोबर, नवे कपडे घालून, साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे सुट्टीसाठी निघाला होता. पहिलाच आगगाडीचा प्रवास. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवाला यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली, गाडीवान बाजूने पायी चालला. शिदोरी भरपूर होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. स्टेशनचा फलक दिसताच आमच्या आयुष्यमतींनी हात जोडले. समोरच्या बाईंनी सहज विचारले, "इथं कुठलं देऊळ आहे का हो?"

"देऊळ नाही. आमच्या घरचं माणूस इथं तहानलेलं राहिलं होतं," ही म्हणाली. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने त्यांनी डब्यातली चिवड्याची पुडी आमच्यापुढे केली.

साताऱ्यात साडूंकडे मुक्काम केला. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून जुन्या राजवाड्याकडे गेलो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी याच शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याला जाऊन कंदी पेढे घेऊन परतणाऱ्या आपल्या लोकांनी दहा मिनिटे इथेही उभे राहावे.

सकाळी कासच्या रस्त्याने निघालो. बामणोली साताऱ्याहून पस्तीसएक किलोमीटर. कासचे पठार फुलांसाठी प्रसिद्ध आहे, पण ती फुले पावसाळ्याच्या शेवटी. डिसेंबरात सगळे गवत तांबूस झालेले, वाऱ्याला धार, आणि गर्दी नाही. मला विचाराल तर हेच बरे. साताऱ्याला पाणी देणारा कासचा तलाव ओलांडला की रस्ता उतरू लागतो आणि वळणावळणाला खाली निळे पाणी दिसते. पहिल्यांदा दिसले तेव्हा ही एकदम गप्प झाली.

बामणोलीत लाँच ठरवायची पद्धत अशी की भाडे माणशी नसून लाँचमागे असते. त्यामुळे दोघांनीच जाण्यापेक्षा कुणाची सोबत बघावी. वासोटा किल्ल्यावर जायचे तर वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र जवळ हवे, आणि मुक्काम करता येत नाही. अंधाराच्या आत परतावे लागते. पावसाळ्यात किल्ला बंदच असतो. हे सगळे जंगल 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आपल्या सांगली जिल्ह्याच्या बाजूचे चांदोलीचे जंगलही त्यातच मोडते. माझे गुडघे किल्ला चढण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत, तेव्हा आम्ही पाण्यावरच फिरायचे ठरवले. तापोळ्याच्या बाजूला सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळतात, तिकडे निघालेल्या कराडच्या पाच-सहा कॉलेजकुमारांच्या लाँचमध्ये आम्हालाही जागा मिळाली.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. पोरे आमच्याकडे बघून हसली. 2019 च्या महापुरात, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसे डोळ्यांदेखत गेली. आम्ही सांगलीचे लोक पाण्याशी चेष्टा करत नाही. हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनीही मुकाट्याने जॅकेटे चढवली.

लाँच निघाली. ऊन कोवळे होते. पाण्यावर धुके अजून तरंगत होते आणि दोन्हीकडचे डोंगर त्यातून डोके काढून होते. इंजिनाचा धडधडाट सोडला तर आवाज नाही. पोरांनी मोबाइलवर गाणी लावली होती, पण अर्ध्या तासाने त्यांनीच ती बंद केली. हिने सांगलीहून आणलेले भडंग सगळ्यांना वाटले. पाणी इतके स्वच्छ की मी ओंजळीने चेहऱ्यावर मारून घेतले. बर्फासारखे गार. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघे असे काहीही काम नसताना शेजारी शेजारी बसलो, असे मला फारसे आठवत नाही.

आता ते दुसरे कारण. हिचे आजोळ या पाण्याखाली आहे.

कोयना धरणाचे काम 1950 नंतरच्या दशकात सुरू झाले आणि 1960 नंतर पाणी साठू लागले. 103 मीटर उंचीचे धरण, 105 टी.एम.सी. पाणी. त्यावर महाराष्ट्रात दिवे लागले, कारखाने चालले. उरलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळून आमच्या सांगलीपर्यंत ऊस पिकवत येते. हे सगळे खरे आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण खोऱ्यातली गावेच्या गावे उठली. कुणी सोलापुराकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे, कुणी सांगली जिल्ह्यात येऊन पडले. पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्रात झाला 1976 साली. म्हणजे ही माणसे उठली तेव्हा कायदाच नव्हता. 2018 साली कोयनानगरला धरणग्रस्तांनी ठिय्या दिला, तेव्हा आजोबांच्या वाटची जमीन मागायला नातवंडे बसली होती.

माझ्या सासूबाई सांगत, "आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं. म्हणून पाणी आधी आपल्यात आलं. वरच्या आळीला आणखी काही दिवस मिळाले." जमीन म्हणाल तर वतनाचा तुकडा, तोही भावकीत सामाईक. 1959 साली महार वतने खालसा झाली. जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची तर पैसे भरायचे होते, आणि गाव तर बुडणार हे ठरलेले. कोण भरणार? त्यामुळे मोबदल्याच्या यादीत त्यांच्या घराला घराच्या भिंतींपुरतेच काहीतरी मिळाले. जाते जड म्हणून तिथेच सोडले, याची हळहळ त्यांना शेवटपर्यंत होती. जमिनीबद्दल त्या इतक्या बोलत नसत.

त्यांना सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर आणून वसवले. धो धो पावसाच्या खोऱ्यातली माणसे, आणि इथे प्यायच्या पाण्यासाठी कोसभर चालणे. ही तिथेच, पुनर्वसनाच्या वाडीत जन्मली. 1996 साली टेंभू योजना मंजूर झाली. कृष्णेचे, म्हणजे त्यातले कोयनेचेही, पाणी उचलून माळावर न्यायची. त्यांच्या शिवारात प्रत्यक्ष पाणी आले तेव्हा सासूबाई राहिल्या नव्हत्या.

लाँच चालवणारे दादा पन्नाशीचे होते, इथलेच. हिने गावाचे नाव सांगितल्यावर त्यांनी इंजिन बंद केले. "त्या टेकाडाच्या पायाशी बघा, मावशी. आत्ता पाणी भरलेलं आहे, काही दिसायचं नाही."

मला वाटले ही रडेल. ती उठून उभी राहिली आणि डोंगर बघू लागली. आई म्हणायची, दारात उभं राहिलं की समोरचा डोंगर पालथ्या टोपल्यासारखा दिसायचा. ही लाँचच्या या कडेला गेली, त्या कडेला गेली. मग म्हणाली, "दादा, थोडं डावीकडं घ्याल का?" दादांनी बांबूने लाँच वळवली. धुके तोवर विरले होते. "हां," ही म्हणाली. "टोपलंच आहे. अहो, बघा ना." मी बघितले. खरोखरच टोपले होते. पोरांपैकी एकाने विचारले, "काकू, खाली किती खोल असेल?" दादांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केले.

दादांकडून बऱ्याच गोष्टी कळल्या. आपल्याला ही सफर, पण पलीकडच्या काठावर राहिलेल्या गावांना लाँच म्हणजे एस.टी. आणि रुग्णवाहिका दोन्ही. बाळंतीण असो, वऱ्हाड असो, रेशनचे पोते असो, सगळे पाण्यावरून. इथल्याच खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत येत, त्याची बातमी झाली आणि जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. दादा म्हणाले, "त्या पोरींच्या आधीच्या पिढ्याही अशाच वल्हवत आल्या. फक्त फोटो आता निघाला." 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात त्यांच्या आजोबांचे घर पडले, तेही त्यांनी सांगितले, पण फार नाही.

संगमावर उतरून जेवलो. हिने भाकरी, भरले वांगे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. दादांना पान वाढले, त्यांनी मोकळेपणाने खाल्ले आणि आमच्याच बाटलीतले पाणी प्यायले. पोरे तळलेले मासे खायला बामणोलीतच थांबणार म्हणत होती, तीही भाकरीवर तुटून पडली. परतीला ऊन पाठीवर होते. ही माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली. पोरे समोर बसलेली असताना एरवी तिने असे कधी केले नसते.

किनाऱ्यावर उतरताना दादांनी आपला नंबर दिला. मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा जुन्या चौथऱ्यांचे, देवळांचे दगड कुठे कुठे उघडे पडतात. उन्हाळा कडक असतो, पण एस.टी. मिळते आणि लाँचही मिळते. मेहुण्यांना आम्ही कळवले आहे. ते पासष्टीचे आहेत आणि त्यांनीही गाव पाहिलेले आठवत नाही. हिचे म्हणणे, जाते दगडाचे, ते कुठे जाणार? ते दिसेल असे मला वाटत नाही, इतक्या गाळात. पण तिकिटे काढून ठेवली आहेत.