केवडा

उसाच्या पट्ट्यातल्या पोराला मूलद्रव्यांची पहिली ओळख खताच्या पोत्यावर होते. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन पावसात शाळेला जायचो, तेव्हा ही मूलद्रव्यं पाठीवर छापलेलीच असायची.

माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमचं रान. पाणी मुबलक, माती काळी, पण खाली चुनखडी. नांगरट केली की पांढरे खडे वर यायचे. अशा रानात उसाला केवडा पडतो. नाव फुलाचं, पण दुखणं वंगाळ. कोवळी पानं आधी पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग सगळा फड फिकट पांढरा दिसायला लागतो. ऊस मरत नाही, वाढतही नाही. नुसता उभा राहतो.

आमचे आण्णा चौथी शिकलेले, पण पिकाची नाडी त्यांना बरोबर कळायची. बांधावर उभं राहून म्हणायचे, ‘‘हितं लोखंड कमी पडलंय.’’ मला नवल वाटायचं. कुदळीला गंज चढतो त्या मातीत लोखंड नाही कसं? ते सांगायचे, ‘‘आरं, हाय की! पर चुनखडी त्याला धरून बसती. मुळीला सोडत न्हाई.’’ पुढे कृषी पदविकेला गेल्यावर हेच वाक्य मी जड भाषेत शिकलो. पानातला हिरवा रंग तयार व्हायला लोह लागतं, आणि चुनखडीच्या जमिनीत ते असूनही मुळांना घेता येत नाही. उपायही आण्णांचाच होता. एकरी 10 किलो हिराकस शेणखतात आठवडाभर मुरवायचा आणि सरीत टाकायचा. पानं फारच पिवळी असली तर पातळ द्रावणाची फवारणी. दोन आठवड्यांत फड हिरवा व्हायला लागायचा.

माणसाच्या अंगाचा हिशोबही शेतासारखाच आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं, त्यातलं जवळजवळ सगळं हाडांत आणि दातांत. स्फुरद पाऊण किलोच्या आसपास. मिठातलं सोडियम आणि केळ्यातलं पालाश नसेल तर स्नायू आखडतात, हृदयाचा ठोका चुकतो. आयोडीन तर मिलिग्रॅममध्ये मोजायचं, चिमटीतही येणार नाही एवढं. पण ते कमी पडलं की गळ्याला गलगंड येतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आणि लोह? सगळं मिळून तीन-चार ग्रॅम. एका बऱ्यापैकी खिळ्याइतकं. त्यातलं दोन तृतीयांश रक्तात, फुप्फुसातला प्राणवायू अंगभर वाहून नेण्याच्या कामावर.

1984 च्या सुमाराला, धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर वर्षभरात, आईचा तो खिळा झिजत चालला होता. पाटाच्या भरावावर हंडा घेऊन चढताना ती दोनदा थांबायची. भांगलायला गेली की दुपारनंतर बांधाला टेकायची. तळवे पांढरे, पापण्या सुजलेल्या. आणि एक सवय तिला लागली होती. चुलीची भाजलेली माती ती नखानं खरवडून तोंडात टाकायची. आजी म्हणायची, ‘‘पुन्हा डोहाळं लागलं का काय हिला?’’ शेजारणी म्हणायच्या, बाळंतपणात वारं शिरलं. कुणी अंगारा दिला, कुणी काढा. आई स्वतः म्हणायची, ‘‘मला काय धाड भरलीय? कामाचा शीण हाय.’’

उपकेंद्राच्या नर्सबाई बहिणीला लस टोचायला आल्या होत्या. त्यांनी आईची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, ‘‘ताई, माती खाता का हो?’’ आई लाजली. नर्सबाईंनी आण्णांना बोलावून घेतलं आणि तालुक्याला जाऊन रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन सहा निघालं. बाईमाणसाला बारा तरी पाहिजे. डॉक्टर म्हणाले, ‘‘निम्म्या रक्तावर राबतायत ह्या. माती खायची इच्छा होते ती त्यामुळंच.’’

जंताचं औषध झालं, कारण उसाच्या ओल्या सरीत अनवाणी फिरणाऱ्या पायांतून अंकुशकृमी आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. मग लोहाच्या गोळ्या आल्या. चार दिवसांत आईनं त्या फडताळात ठेवून दिल्या. मळमळतं, शौचाला काळं होतं. गोळ्यांनी आतडं जळालं असं तिला वाटलं. नर्सबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, लोखंडच आहे ते, काळं होणारच. जेवणानंतर घ्या, म्हणजे मळमळणार नाही. पण सोडू नका.’’

त्या रात्री आण्णांनी कंदिलाच्या उजेडात पाकिटावरचं नाव मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, ‘फेरस सल्फेट.’ त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. हिराकसाच्या पोत्यावर तेच नाव होतं. शेताचा हिराकस अशुद्ध, तो तोंडात घालायचा नसतो. गोळीतला शुद्ध करून मोजून भरलेला. पण जात एकच. आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग आजीकडं बघून म्हणाले, ‘‘उसाचा केवडा बांधावरनं दिसतो आपल्याला. घरातला केवडा कुणाला दिसंना.’’

खरं तर घरात लोखंड कमी नव्हतं. तवा, पळी, खलबत्ता, विळी, सगळं लोखंडाचं. बाजरीत लोह होतं, घेवड्यात होतं, तांदुळशाच्या भाजीत होतं. पण ते आईपर्यंत पोचत नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. तोवर भाजी तळाला गेलेली, मग भाकरी आणि ठेचा. रविवारी मटण शिजलं तर कलेजी आजोबांना, फोडी गड्यांना आणि पोरांना, आईला रस्सा. मटणातलं लोह अंगी लवकर लागतं, आणि तेच तिच्या ताटात नसायचं. वर जेवणाला लागूनच कपभर चहा. धान्यातलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यातलं आणखी थोडं चहा अडवतो. आमच्या रानात चुनखडी करायची तेच काम आमच्या घरात चहा आणि रीतभात मिळून करत होती.

आण्णांनी भाषण काही केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ताटावर बसले की म्हणायचे, ‘‘तिलाबी वाढून घेऊ द्या, मग हात घालू.’’ आजी आठवडाभर फुगून बसली. आई भिंतीकडं तोंड करून जेवायची, कारण सासऱ्यांसमोर बसायची लाज. भाजीवर लिंबू पिळायचं ठरलं, कारण आंबटानं लोह अंगी लागायला मदत होते. जर्मनच्या पातेल्यापायी माळ्यावर गेलेली लोखंडी कढई खाली आली. चहा तासभर लांबला; त्याचा मात्र आईला सगळ्यात जास्त राग आला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेनऊवर गेलं. चुलीच्या तोंडावर नखांचे नवे ओरखडे दिसेनासे झाले, ते मात्र आजीनं सगळ्यांच्या आधी हेरलं.

आता गावात गॅस आला, ठिबक आलं, माझी पुतणी शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी घेते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. बाया शहरातल्या असोत की खेड्यातल्या, थकवा आला की आजही म्हणतात, कामाचा शीण आहे.

आम्ही शेतकरी माणसं लागणीच्या आधी मातीचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेतो. लोह किती, जस्त किती, चुनखडी किती, सगळं कागदावर लिहून आणतो. त्याच फेरीला घरातल्या बाईलाही गाडीवर बसवून न्यावं. रक्ताच्या तपासणीला बोटाला एक सुई टोचावी लागते, बाकी काही नाही.