अंगचोर कोण? : हॉलंड गावच्या बास्केटबॉल सभागृहातून

अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या पूर्वकाठावर हॉलंड नावाचे एक लहानसे शहर आहे. आल्बर्टस व्हान राल्टे या धर्मोपदेशकाबरोबर नेदरलँड्समधून आलेल्या कुटुंबांनी ते १८४७ साली वसवले. तेथे जुनी, मूळ नेदरलँड्सची पवनचक्की आहे, आणि मे महिन्यात ट्युलिप फुलांचा मोठा उत्सव भरतो. मुलांकडे गेलेले आपल्याकडचे आईवडील बहुधा त्या उत्सवाची छायाचित्रे घेऊन परततात. वाचकहो, मी मात्र आपणांस तेथे जानेवारीत नेणार आहे.

जानेवारीत पश्चिमेकडून येणारे गार वारे सरोवरावरून वाहताना बाष्प उचलतात आणि काठावर येताच ते हिमाच्या रूपाने ओततात. सायंकाळी साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. अशा दिवसांत म्हातारी माणसे घराबाहेर कशी पडत असतील, असे मला वाटले होते. त्याचे एक उत्तर पायांखालीच सापडले. हॉलंडच्या मुख्य बाजारपेठेतील रस्त्यांच्या आणि पदपथांच्या खाली नळ्या पुरलेल्या आहेत आणि त्यांतून कोमट पाणी खेळते. वीजनिर्मितीत वाया जाणाऱ्या उष्णतेवर हे पाणी तापवण्याची योजना १९८८ साली सुरू झाली. आजूबाजूला गुडघाभर हिम आणि आठव्या रस्त्याचा पदपथ मात्र ओला, काळा, स्वच्छ! खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण तीस वर्षे पाहत आलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला पवनचक्कीपेक्षा त्या पदपथाचेच अप्रूप अधिक वाटले.

बाजारपेठेच्या पूर्वेला, रेल्वेस्थानकाला लागून, होप महाविद्यालयाचे डेव्हॉस फील्डहाऊस आहे. २००५ साली उघडलेल्या या सभागृहात तीन हजारांवर माणसे बसतात. माझे थोरले बंधू गेली चाळीस वर्षे या परिसरात राहतात. वय सत्तर. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात अजून पुरता वळत नाही आणि डावा पाय किंचित ओढला जातो. हिवाळ्यात या सभागृहात सामना असला की ते जातात, आणि नवव्या ओळीत बसतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहत वाढलेला हा माणूस. आपल्या पेठेचा संघ हरला की रात्री जेवत नसे. त्यामुळे या वेडाचे मला नवल वाटले नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

येथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल म्हटले की दूरचित्रवाणीवरील भव्य स्टेडियम आणि करोडोंची उलाढाल डोळ्यांपुढे येते. होपचा खेळ त्या जगातला नव्हे. हे महाविद्यालय तिसऱ्या विभागात मोडते. या विभागात चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत, आणि खेळाच्या गुणांवर शिष्यवृत्ती देण्यास तेथे मनाई आहे. सकाळी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक करून आलेला मुलगा सायंकाळी मैदानात उतरतो. शेजारपाजारची महाविद्यालये मिळून जो समूह करतात त्याला कॉन्फरन्स म्हणतात. होपचा समूह १८८८ साली स्थापन झालेला, देशातील सर्वांत जुना आहे. अल्मा, ॲल्बियन, कॅलामझू अशी त्यातील सदस्यांची नावे मिशिगनबाहेर फारशी कोणी ऐकलेली नसतात.

याच समूहात ग्रँड रॅपिड्स शहरातील कॅल्व्हिन आहे, अवघ्या पन्नास किलोमीटरवर. दोन्ही संस्था डच वसाहतकऱ्यांच्या. १८५७ साली त्यांच्या चर्चमध्ये फूट पडली. एक शाखा होपच्या पाठीशी उभी राहिली, दुसरी कॅल्व्हिनच्या. त्या भाऊबंदकीचा निकाल आता बास्केटबॉलच्या मैदानात लावला जातो. कॅल्व्हिनच्या मुलांनी १९९२ आणि २००० साली, तर होपच्या मुलींनी १९९०, २००६ आणि २०२२ साली तिसऱ्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे. या दोघांच्या सामन्याचे तिकीट मिळणे कठीण. आम्ही पाहिला तो मात्र आठवड्यातला एक साधा सामना होता, आणि मला वाटते साध्या सामन्यातच प्रेक्षक नीट कळतात.

नवव्या ओळीत आमच्या डावीकडे एक निवृत्त शाळामास्तर होते, त्यांच्यापलीकडे पूर्वी शाळेची बस चालवणाऱ्या एक बाई, आणि मागे फर्निचरच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले दोघे जण. सगळे सत्तरीच्या पुढचे. २००५ पूर्वी गावच्या सिव्हिक सेंटरमध्ये सामने होत, तेव्हापासून ते एकत्र बसतात. गुण किती झाले याबद्दल ही मंडळी फारशी बोलत नाहीत. तो आकडा समोर फलकावर असतोच. त्यांचा सारा वाद एकाच गोष्टीवर चालतो : कोण झटून खेळतो आहे आणि कोण अंग राखून.

मास्तरांच्या हाती एक वही होती. बास्केट किती झाल्या हे ते लिहीत नव्हते. जमिनीवर सुटलेल्या चेंडूवर कोणी झेप घेतली, चेंडू गेल्यावर बचावासाठी कोण धावत परतला, प्रतिस्पर्ध्याचा धक्का कोणी छातीवर झेलला, समोरच्याच्या पासला कोणाचा हात लागून त्याची दिशा चुकली, आणि कोणी पाठीने रेटून प्रतिस्पर्ध्याला कड्याखालून दूर ठेवले, अशा रेघा ते ओढत होते. अनेक प्रशिक्षकही अशा नोंदी ठेवतात. गुणफलकावर यातले काही उमटत नाही.

त्या दिवशी वाद पेटला तो एका उंच खेळाडूवरून. बसवाल्या बाई म्हणाल्या, की हा पोरगा नुसता उभा असतो. दादांनी माझ्या कानात भाषांतर केले, "अंगचोर म्हणताहेत त्याला." मास्तरांनी वही पुढे केली. मध्यंतरापर्यंत त्याच्या नावापुढे पाठीने अडवण्याच्या अकरा रेघा होत्या. तो समोरच्याला रेटून धरत होता, म्हणून परतलेला चेंडू प्रत्येक वेळी त्याच्या सहकाऱ्याच्या हाती पडत होता. बाईंनी वही वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, तरीही तो धावत परत येत नाही. मास्तरांनी तेही पाहिले. त्या रकान्यात दोनच रेघा होत्या. उत्तरार्धात मी केवळ त्या मुलाकडे पाहत राहिले. चेंडूकडे पाहायचे नाही, असे ठरवून सामना पाहणे फार अवघड असते. करून पाहा.

घरी परतलो तेव्हा माझी भाची स्वयंपाकघरात उभी होती. नोकरी, दोन मुले आणि वडिलांची शुश्रूषा असा तिचा दिवस. वडील झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, सामन्याला नऊ ओळी चढतात. आणि घरी फिजिओथेरपिस्टने सांगितलेले हाताचे व्यायाम रोज अर्धवट सोडतात. तूच सांग, प्रयत्नच करत नाहीत ना?"

हे वाक्य मला नवे नव्हते. माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ते कोणीतरी उच्चारते, आणि बहुतेक वेळा ज्यांच्याबद्दल ते म्हटले जाते ते खुर्चीत शेजारीच बसलेले असतात. मी तिला उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांसारखा कागद घेऊन बसले.

येथे एका शास्त्रज्ञाचे नाव सांगते. गुन्नार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. माणसाला श्रम किती जाणवतात हे मोजण्यासाठी त्यांनी मोजपट्टी तयार केली. मूळची पट्टी सहा ते वीस अंकांची आहे. निरोगी तरुण माणसात त्या अंकाला दहाने गुणले की साधारण नाडीचे ठोके मिळतात. घरच्या वापराला शून्य ते दहाची पट्टी सोयीची. शून्य म्हणजे काहीच श्रम नाहीत, दहा म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. महत्त्वाचे हे, की आकडा पाहणाऱ्याने द्यायचा नसतो, करणाऱ्याने द्यायचा असतो. बीटा-ब्लॉकर जातीची औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमाने पुरेशी वाढत नाही. त्यांच्या बाबतीत नाडीपेक्षा हा आकडाच अधिक भरवशाचा.

दिवसभर मी दादांना आकडे विचारत गेले. शर्टाची बटणे डाव्या हाताने लावणे : सहा. अंघोळ : आठ. जेवताना ताट डाव्या हाताने धरून ठेवणे, ज्याकडे मी स्वतःही पाहिले नसते : सात. सायंकाळी सात वाजता हाताचे व्यायाम : नऊ. आणि सभागृहाच्या नऊ ओळी? "पाच," ते म्हणाले. मी पुन्हा विचारले, तरी पाचच. कठडा उजव्या हाताला येतो; सामन्याच्या दिवशी ते दुपारी तासभर निजतात; आणि वर चार माणसे वाट पाहत असतात.

पक्षाघातानंतर येणारा थकवा हा अतिशय सामान्य आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हातापायांत बळ परतले तरी तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतो. विश्रांतीने तो पुरता जातोच असे नाही. दादांचा दिवसभराचा साठा सायंकाळी सातपर्यंत अंघोळीत, बटणांत आणि ताटात संपून जात होता. व्यायामाची वेळ तेवढी चुकली होती. फिजिओथेरपिस्टशी फोनवर बोलून आम्ही ती सकाळी दहावर आणली आणि एका बैठकीचे दोन भाग केले. अंघोळ दुपारवर गेली. आठवड्याभरात तोच व्यायाम नवावरून सहावर आला. हाताची शक्ती तितक्यात वाढलेली नव्हती, हे मी आपणांस स्पष्ट सांगायला हवे.

म्हणून घरातील वृद्ध व्यक्ती "प्रयत्न करत नाही" असे वाटू लागले, तर आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. रक्त कमी असणे, थायरॉइड मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अपुरी झोप, नव्याने सुरू झालेले एखादे औषध, यांपैकी काहीही माणसाला बसवून ठेवते. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर "नको वाटतं" या दोन शब्दांतून बोलते. पार्किन्सन्स आणि पक्षाघात या दोन्हींत मेंदूतील आरंभ करण्याची प्रेरणाच क्षीण होऊ शकते. तो आळस नव्हे. आणि व्यायाम चालू असताना छातीत दुखले, धाप लागली वा चक्कर आली तर आकडा विचारत बसू नका, तत्काळ थांबवा आणि वैद्यकीय मदत घ्या. एरवी मध्यम श्रमाची घरगुती खूण अशी, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. अर्थात हे सारे मनात ठेवूनही बसवाल्या बाईंचे म्हणणे मी सोडणार नाही. काही वेळा माणूस खरेच अंग राखतो, आणि ते स्नेहाने सांगावे लागते. मास्तरांच्या वहीत दोन रेघांचा रकानाही होताच.

त्या कागदावर शेवटी एक रिकामी ओळ उरली होती. मी भाचीला विचारले, तुझा आकडा किती? ती हसत म्हणाली, "नऊ," आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. दादा शेजारच्या खोलीतून ऐकत होते. पुढच्या सामन्याला ते तिच्या गाडीऐवजी मास्तरांच्या गाडीतून गेले, आणि ती दोन तास झोपली.

आपण हिवाळ्यात त्या बाजूला असाल तर हा खेळ अवश्य पाहा. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि कॉन्फरन्सचे सामने फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतात. शिकागोहून दिवसाला एकच रेल्वे निघते, 'पेअर मार्केट' नावाची; तीनेक तासांत हॉलंडला पोहोचते, पण रात्री उशिरा. वाटेत घड्याळ एक तास पुढे जाते, तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपली वेळ डॉक्टरांना आधी विचारून ठेवावी. जागा मार्गिकेलगतची मागा, आणि आपला बळकट हात कोणता हे सांगून कठडा त्या बाजूला येईल अशी मागा. आत ऊब असते. कपडे एकावर एक घाला, म्हणजे उतरवता येतात. बास्केटबॉलचा जन्मही अशाच थंडीतला आहे. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात कोंडून पडलेल्या, कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. पुढे हे गृहस्थ वैद्यकीची पदवी घेऊन डॉक्टर झाले, हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

दादांचा परवा फोन आला होता. प्रकृतीबद्दल त्यांनी दोन वाक्ये सांगितली आणि मग पंचवीस मिनिटे त्या उंच मुलाबद्दल बोलले. तो आता धावत परत येऊ लागला आहे, असे मास्तरांची वही सांगते. बसवाल्या बाईंना मात्र ते अजून मान्य नाही.