वजनाची सर्जरी, इन्शुरन्स आणि लेकीचा प्रश्न

बऱ्याच जणींनी इनबॉक्समध्ये विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

हो, मी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी करून घेतली. वय 44, बीएमआय 33, आठ वर्षांचा डायबिटीस. बाबांना याच डायबिटीसने डायलिसिसपर्यंत नेलेलं मी पाहिलंय. इंजेक्शनं दीड वर्ष घेतली, मळमळ सोसवेना. आणि ती बंद केली की बरंचसं वजन परत येतं.

सर्जरीचे मुख्य पर्याय दोन. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. अ‍ॅसिडिटी वाढू शकते. बायपासमध्ये वर छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मला डायबिटीस आणि जुनी अ‍ॅसिडिटी दोन्ही, म्हणून बायपास. व्हिटॅमिन्स आणि ब्लड टेस्ट जन्मभर. शाकाहारी असाल तर बी-12 कडे जास्तच लक्ष द्या.

आता माझा प्रांत, म्हणजे कागदपत्रं. 1991 चा एनआयएचचा निकष होता बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत आजार. 2022 मध्ये एएसएमबीएस आणि आयएफएसओ या सर्जन संघटनांनी तो बदलला. डायबिटीस असेल तर 30 पासून विचार करा, आणि आशियाई वंशाच्या लोकांना 27.5 पासूनच सर्जरी सुचवा, कारण आपल्याला कमी वजनातच डायबिटीस गाठतो. पण कित्येक प्लॅन अजून जुन्या आकड्यावरच अडून बसलेत. माझंही प्री-ऑथरायझेशन आधी नाकारलं गेलं.

अशा वेळी हे करा:
1. प्लॅन डॉक्युमेंट वाचा. ही सर्जरी मुळातच वगळलेली असेल तर अपीलचा फारसा उपयोग नाही.
2. नसेल, तर नकार आल्यापासून 180 दिवसांत अपील करा. डॉक्टरांचं पत्र आणि 2022 ची गाइडलाइन जोडा. तिथेही नाही म्हणाले तर चार महिन्यांत एक्स्टर्नल रिव्ह्यू मागा. माझं काम पहिल्याच अपीलात झालं.
3. टेस्ट, सर्जरी, फॉलो-अप शक्यतो एकाच प्लॅन वर्षात बसवा, डिडक्टिबल दोनदा भरावं लागत नाही. एचएसएचे पैसे चालतात. तोच खर्च टॅक्समध्ये पुन्हा दाखवता येत नाही.

आई फोनवर म्हणाली, "अगं, खात्यापित्या घरची तू, कापाकापी कशाला?" मावशीच्या मते हा शॉर्टकट. कित्येक दिवस नुसतं पातळ पिऊन काढलेत, आता अर्ध्या पोळीत पोट भरतं. असा कसला शॉर्टकट?

मन हललं ते आठवीतल्या लेकीच्या प्रश्नाने. "आई, मोठी झाल्यावर मलाही हे करावं लागेल?" मी सांगितलं, "माहीत नाही, राणी. लागलंच तर डॉक्टरांशी बोलून ठरवू, लाज वाटून नाही." अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची 2023 ची गाइडलाइनही सांगते की तीव्र लठ्ठपणा असलेल्या 13 वर्षांपुढच्या मुलांना सर्जरीच्या तपासणीसाठी पाठवण्याचा पर्याय द्यावा. त्यांच्या लेखी हा आजार आहे, आळस नाही.

म्हणून एकच विनंती. व्हिडिओ कॉलवर आजी "केवढी सुटलीस गं!" म्हणाली, की हसून सोडून देऊ नका. पोरं ऐकत असतात. आजीला प्रेमाने, पण तिथल्या तिथे थांबवा.