वशिंडाचं झाकण

नाताळचा खाऊ भरायला रेनडिअर करू नये, बैल करावा, असं माझं ठाम मत आहे. रेनडिअरचे पाय बारीक, शिंगांना फाटे. पुठ्ठ्यातून कापले की दोन-चार हातांतून जाईपर्यंत मुडपतात. बैलाचं अंग मुळातच खोक्याच्या जवळचं. शिवाय चाकणला नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. शनिवारच्या जनावरांच्या बाजारात एखाद्या खिलार बैलाकडे बाजूने बघावं: भरलेलं अंग, उंच वशिंड, मागे वळलेली लांब शिंगं.

पोटासाठी मी खोकी आखतो ती गाड्यांच्या सुट्या भागांची. थ्री-प्लाय, फाइव्ह-प्लाय, सगळी चौकोनी. तिथला एक नियम घरीही चालतो: आधी घड्या ठरवायच्या, चित्र नंतर. कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होतं, हे ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरला १८७९च्या सुमारास कारखान्यातल्या एका चुकीने कळलं. घडी पाडणारी पट्टी सरकली आणि कागदी पिशव्या कापल्या गेल्या. आजच्या पंचिंगच्या डायमध्येही धारदार आणि बोथट पात्या शेजारीशेजारी असतात. घरी त्यांच्या जागी कटर आणि शाई संपलेलं बॉलपेन.

पुठ्ठा ३०० जीएसएम डुप्लेक्स. पांढरी बाजू बाहेर ठेवली की खिलाराला रंग द्यावा लागत नाही. मधे आठ सेंटिमीटर रुंद तळ, दोन्हीकडे बाजू, बाजूंच्या वर पाठीचे दोन पदर. पाय वेगळे चिकटवायचे नाहीत. तळातच तीन सेंटिमीटर लांबीचे पाय तीन बाजूंनी कापायचे आणि घडीच्या रेषेवर जोडलेले ठेवायचे. तळ आत वळला की ते बाजूच्या रेषेत खाली उभे राहतात. हा क्षण मला अजून आवडतो. तळाला पडलेल्या भोकांवर आतून एक साधा पुठ्ठा टाकला की झालं.

खरी कसोटी ग्रेनची. कागदाचे तंतू उभे धरले तर पायांना बळ येतं, पण तळाची घडी तंतूंना आडवी जाते आणि पुठ्ठा तडकतो. मी पायांची बाजू घेतो आणि घडीवर बॉलपेन पट्टीला लावून दोनदा दाबून फिरवतो.

आणि वशिंड! पाठीच्या एका पदराला वशिंडाच्या आकाराची जीभ ठेवायची, दुसऱ्या पदराला चीर. जीभ चिरेतून वर आली की झाकण बंद आणि बैल पुरा. नॅशनल बिस्किट कंपनीने १९०२ साली सर्कशीच्या प्राण्यांचा बिस्किटांचा डबा काढला, नाताळच्या झाडाला टांगायला दोरीसकट. डबा गाजला, पण त्यावरचे प्राणी छापलेले. घडीत एकही नाही.

गोठ्यातला बैल तरी शास्त्राला धरून आहे का, असं चर्चमधले जाणते विचारतात. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत; बैल-गाढव नाहीत. ते यशयाच्या ग्रंथाच्या आधाराने नंतर आले, आणि असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चोला जिवंत बैल आणि गाढव उभं करून त्यांची जागा पक्की केली. माझ्या बैलाला एवढी परंपरा पुरे.

खाऊ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, कलकल. सगळं तळलेलं. डुप्लेक्सची आतली करडी बाजू बहुधा रद्दीच्या लगद्याची असते, त्यामुळे बटर पेपर घातल्याशिवाय काहीही ठेवू नये. नाहीतर तेल बाहेर फुटून खिलाराचा कबरा होतो.

बैल सपाट रचून नेतो आणि चर्चच्या आवारात उभे करतो. शिंगांचा तुकडा वेगळा. खाऊ भरून, वशिंड अडकवून झाल्यावरच डोक्याच्या खाचेत बसवायचा. आधी बसवला तर भरणारा हमखास शिंगांनाच धरून बैल उचलतो.