विशाखापट्टणम ते भिमिली, व्हाया पाणबुडी

कोकण-गोव्याच्या समुद्राची सवय असलेल्या माणसाला विशाखापट्टणमला पहिल्या सकाळीच गंमत वाटते. इथे सूर्य समुद्रात बुडत नाही, समुद्रातून वर येतो. तो बघायला रामकृष्ण बीचवर अख्खं शहर फिरायला उतरलेलं असतं. पाण्यात मात्र कोणी फारसं जात नाही. लाटा ओढून नेणाऱ्या आहेत, जागोजागी तशा पाट्या आहेत.

मागच्या जानेवारीत आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी तिथे गेलो. ठिकाण निवडलं आमच्या सातारकर मैत्रिणीने. तिचे यजमान नौदलात, पाणबुडीवर होते. लग्नानंतरची अकरा वर्षं तिने विशाखापट्टणमच्या नेव्ही क्वार्टर्समध्ये काढली. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून ती त्यांच्याबद्दल बोलायचीच नाही. विषय निघाला की उठून चहा टाकायची. म्हणून तिनेच हे नाव काढलं तेव्हा आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि गुपचूप तिकिटं काढली.

याच बीचवर वाळूत 'आय.एन.एस. कुरसुरा' ही खरीखुरी पाणबुडी उभी आहे. रशियन बनावटीची, ९१ मीटर लांब. १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी तिचं संग्रहालय झालं. "पाणबुडी नाही गं, बोट म्हणतात," आमच्या मैत्रिणीने दारातच दुरुस्त केलं.

एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मध्ये गोल भोकांसारखी दारं. आधी पाय घालायचा, मग डोकं वाकवायचं. आमच्यातल्या जाड बायकांची (म्हणजे माझीच) चांगलीच कसरत झाली. या नळीत पंचाहत्तरेक माणसं आठवडेच्या आठवडे राहायची. टॉर्पेडोंच्या शेजारीही झोपायच्या फळ्या. माहिती सांगणारे गृहस्थ नौदलातलेच निवृत्त होते. पाण्याखाली बोट बॅटरीवर चालते, पण बॅटरी भरायला डिझेल इंजिन लागतं, आणि इंजिनाला हवा. म्हणून वर यायचं, नाहीतर हवेची नळी पाण्याबाहेर काढायची. गोडं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं, अंघोळ जवळजवळ नाहीच.

इंजिनरूममध्ये ती थांबली. मागची गर्दी खोळंबली तरी हलेना. तिचे यजमान याच जातीच्या बोटीवर इंजिनरूममध्ये होते.

"इथे गरम किती व्हायचं हो?" तिने विचारलं.

ते गृहस्थ हसले. "ताई, सगळे बनियनवरच. आणि डिझेलचा वास तर सुट्टीत घरी गेलं तरी जायचा नाही."

बाहेर आल्यावर ती कठड्यावर बसली आणि बोलायला लागली. ते घरी आले की त्यांचे कपडे ती अंगणातच ठेवायला लावायची, दोनदा धुवायची, वर बडबडायची. ते दोन-दोन दिवस नुसते झोपायचे. तिला वाटायचं, दोन लहान मुलं घेऊन परक्या गावात मी एकटी आणि या माणसाला माझ्याशी बोलायलाही नको. बोट कुठे गेली, कधी येणार, हे त्यांनी सांगायचं नसे आणि तिने विचारायचं नसे. "तीस वर्षं मी त्या वासावर चिडले," एवढंच म्हणाली. आम्हीही काही बोललो नाही. एकीने जाऊन चार मुरी मिक्श्चर आणले. आपल्या भेळेची आंध्रातली बहीण, तिखटाला मात्र चुलत नाही, सख्खी.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पेसरट्टू, म्हणजे मुगाच्या डोशाच्या पोटात उपमा, आणि मग गाडी करून भिमिलीचा रस्ता. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, पण अर्धा दिवस सहज जातो. उजवीकडे सतत समुद्र, डावीकडे टेकड्या. कैलासगिरीवरून सगळा किनारा कमानीसारखा वाकलेला दिसतो. ऋषिकोंड्याला आम्ही थांबलोही नाही, फार गर्दी. तोट्लकोंडा मात्र चुकवू नका. टेकडीवर बौद्ध विहाराचे दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत आणि भिक्खूंनी कातळात खोदलेली पाण्याची टाकी, अगदी आपल्या गडांवर असतात तशी. या टाक्यांवरूनच टेकडीला नाव पडलं. गंमत म्हणजे ही जागा उजेडात आली १९७० च्या दशकात, नौदलाच्या हवाई पाहणीत. हे ऐकून आमची मैत्रीण अशी काही ताठ बसली, जणू तिच्याच घरच्यांनी शोधली!

पुढे एर्रमट्टी दिब्बलू, लाल वाळूच्या घळी. उन्हात चालायची तयारी हवी. मग भिमिली, जिथे गोस्थनी नदी समुद्राला मिळते आणि जुन्या डच वखारवाल्यांच्या कबरी आहेत.

भिमिलीच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी ती घासाघीस करत होती. आम्ही थक्क. चक्क तेलुगूत! शब्द अडखळत होते, पण भाव उतरत होता. परतताना ती ड्रायव्हर अण्णांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. त्यांनी विचारलं, "अम्मा, तेलुगू कसं येतं तुम्हाला?"

"इक्कडे उंडेवाळ्ळम," ती म्हणाली. मग मागे वळून आम्हाला सांगितलं, "इथेच राहायचो आम्ही."

आणि पुढचा सगळा रस्ता कोणतं वळण आलं की त्यांची स्कूटर हमखास बंद पडायची, ते ती अण्णांना सांगत राहिली.