मडक्याचा हंगाम

बजरीगर घरटं बांधत नाही. पिंजऱ्यात काड्या टाका, काथ्या ठेवा, सुतळी टांगा. तो थोडा वेळ कुरतडतो आणि सगळं खाली टाकून देतो. त्याला ढोली हवी असते: कोरडी, अंधारी, एका भोकाची. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष मध्यभागात ती निलगिरीच्या जुन्या खोडात मिळते. पुण्यात ती कुंभाराकडून आणावी लागते.

तिच्या लहानपणी हे काम आजोबांचं होतं. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून ते मडकी आणत. वर झाकणी आणि पोटाला पक्षी जेमतेम शिरेल एवढं भोक. मडकं पिंजऱ्यातल्या सगळ्यात उंच कोपऱ्यात तारेनं घट्ट बांधायचं, कारण ते हललं तर मादी आत पाऊल टाकत नाही. बुडाशी सुताराकडचा रंध्याचा जाडसर भुसा घालायचा. गुळगुळीत बुडावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर कायमचे तसेच राहतात. हे सगळं आजोबा इतक्या गंभीरपणे करत, की घरात कुणाचं तरी बाळंतपण आहे असं वाटावं.

तिच्याकडे पहिलं काम आलं ते नाक बघण्याचं. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मांसल पट्टी असते. वयात आलेल्या नराची निळी. मादीची फिकट, आणि ती विणीला तयार झाली की तपकिरी, खरखरीत, पापुद्रा धरल्यासारखी. शेजारच्या वाड्यात एका जोडीला मडकं बांधून महिने लोटले तरी अंडं नव्हतं. आजोबांनी तिला पाठवलं. दोन्ही पट्ट्या निळ्या! दोन नर एकमेकांना प्रेमानं भरवत बसले होते. बजरीगरांत हे सर्रास घडतं. पांढऱ्या आणि पिवळ्या, लाल डोळ्यांच्या पक्ष्यांत तर निळ्या रंगाची खूणही मिळत नाही, त्यांच्या नरांची पट्टी मोठेपणीही गुलाबी-जांभळीच राहते. तिथे वागणं बघून ठरवावं लागतं.

आणि वागणं बघण्यासारखं असतं. नर दांडीवर सरकत सरकत मादीपाशी येतो, डोक्यावरची पिसं फुगवतो, मान वरखाली हलवतो, चोचीनं तिच्या चोचीवर टकटक करतो. त्याच्या डोळ्यातली बाहुली आकसते आणि पांढरं कडं उठून दिसतं. मग तो पोटातलं राळं वर काढून तिला भरवतो. हे चालू असताना गळ्यातून एक सलग, बारीक, घोळवलेली बडबड चाललेली असते. अमेरिकेतल्या बार्बरा ब्रॉकवे यांनी 1960च्या दशकात या बडबडीचाच अभ्यास केला आणि दाखवून दिलं, की नराचं हे गाणं कानावर पडल्यानं मादीच्या बीजांडकोशाची वाढ होते आणि ती अंडी घालते. गाणं शरीर बदलतं, इतकं थेट. ती हे कॉलेजात असताना वाचनालयात वाचून आली तेव्हा आजोबांना नवल वाटलं नाही. एकटी जोडी ढिम्म बसली, की ते दुसऱ्या जोडीचा पिंजरा ऐकू येईल इतक्या अंतरावर आणून ठेवत. थव्यात राहणारा हा पक्षी. आजूबाजूला गजबज असली की त्याला संसार सुचतो. मात्र दोन जोड्या एकाच पिंजऱ्यात ते कधी घालत नसत. मडक्यावरून माद्या रक्त निघेपर्यंत भांडतात.

बाकी तयारी स्वयंपाकघरातली. राळं आणि बाजरी रोजचीच. त्यात मोड आलेलं धान्य, कोथिंबीर, उकडलेल्या अंड्याचा चुरा. आणि तारेत अडकवलेला समुद्रफेस, म्हणजे माकूळ माशाच्या पाठीतलं पांढरं कवच. तो नसेल तर मडकं बांधू नये, हा आजोबांचा नियम. अंड्याचं कवच कुठून तरी यायला हवं. आहारातून आलं नाही तर मादीचं शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून देतं.

पहिलं अंडं आल्यावर एकाआड एक दिवसानं पुढची येतात, साधारण चार ते सहा. मादी एकटीच उबवते. नर बाहेरून भोकाशी येऊन तिला भरवतो. ती पाणी प्यायला बाहेर आली, की झाकणी उचलून तेवढ्यात आत बघायचं. उगाच डोकावायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी अंड्यामागे टॉर्च धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. त्या दिसल्या, की आजोबा झाकणी ठेवून शांतपणे हात धुवायला जात.

अठरा दिवसांच्या आसपास पहिलं पिल्लू निघतं. सुमारे दोन ग्रॅमचं, उघडं, डोळे मिटलेलं, मान न पेलणारं. मादी पहिल्या एक-दोन अंड्यांपासूनच उबवायला बसलेली असल्यानं पिल्लंही एकाआड एक दिवसानं निघतात. थोरल्याच्या अंगावर लव येते तेव्हा धाकटं नुकतंच कवच फोडत असतं. इतक्या फरकानं बारकं चिरडून मरेल अशी तिला भीती वाटे. पण मादी त्याला उताणं करून, चोचीत चोच धरून, जठरातून येणारं पातळ अन्न भरवते, आणि बहुतेक वेळा ते तगतं. पाचएक आठवड्यांत पिल्लं मडक्याबाहेर येतात.

एकदा दोन हिरव्यांच्या पोटी निळं पिल्लू निघालं. वाड्यात चर्चा झाली, आजोबांनी ती हसून ऐकली. जंगलातला बजरीगर हिरवाच असतो. पिसांतलं पिवळं रंगद्रव्य आणि पिसांच्या रचनेतून दिसणारा निळा मिळून तो हिरवा होतो. पिवळं बनलंच नाही तर निळा उरतो. आई आणि बाप दोघांकडून तो दबलेला जनुक आला, की निळं पिल्लू. नेमका कोणता जनुक, हे 2017 साली ‘सेल’ या नियतकालिकातल्या शोधनिबंधानं सांगितलं: एका विकराच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं. तोवर आजोबा राहिले नव्हते.

त्याआधी, तिच्या लहानपणी, त्यांच्या हातची एक मादी तिसऱ्या खेपेच्या अंड्यात गेली. अंडं अडकलं. ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, शेपूट हलत राहिलं आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत संपली. त्या वयात तिला मृत्यू एवढ्या जवळून पहिल्यांदा दिसला. तिचं ठाम मत आहे, की जोडी जमवण्याइतकीच अक्कल थांबवण्यात लागते. समोर ढोली आणि भरपूर दाणा असेतो मादी अंडी घालतच राहते. माळरानावर गवताचं बी संपतं, पिंजऱ्यातली वाटी संपत नाही. म्हणून वर्षाच्या आतल्या मादीला मडकं नाही, वर्षात दोन खेपांवर मडकं नाही. दुसऱ्या खेपेची पिल्लं स्वतः खायला लागली, की मडकं काढून, धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर.

लग्नानंतर ती नाशिकला आली, मडकी बरोबर आली. पुढे मुलगी मेलबर्नला गेली, आणि तिच्यासोबत ती ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत जाऊन आली. कोरड्या टॉड नदीच्या पात्रात रिव्हर रेड गमची दांडगी झाडं उभी आहेत, खोडांना जागोजागी भोकं. जॉन गूल्ड यांनी 1840 मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. आज जगभरच्या पिंजऱ्यांत जे पक्षी आहेत त्यांचे पूर्वज या रुक्ष प्रदेशातले. इथे ते पावसामागे भटकतात. पाऊस पडला, गवत दाण्यावर आलं, की थवे उतरतात आणि विणतात. पाऊस नसेल तर विणीचा विचारही नाही. मुलगी पुढे निघाली तरी ती एका भोकाशी हात फिरवत उभी राहिली. कडा चोचींनी कुरतडून गुळगुळीत झालेल्या होत्या. घरच्या माद्याही मडक्याच्या भोकाच्या कडा अशाच घासतात.

सध्या तिच्याकडची मादी तयार आहे. पट्टी तपकिरी झाली आहे, पिंजऱ्याजवळच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाचा कोपरा तिनं तारेतून ओढून फाडला आहे, नर दिवसभर बडबडतो आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा रोज येऊन विचारतो, “आजी, मडकं कधी बांधायचं?”

“मे महिना आहे बाळा. मडक्यात पिल्लं भाजून निघतील. पाऊस पडू दे,” ती सांगते. “आणि आईला विचार, दोन पिल्लं तुमच्याकडे राहतील का. बाकीच्यांची घरं मी बघते.”